जमीन आणि माणूस एकाच हाती नको

मुळशी तालुक्यात गेल्या तीसेक वर्षांत जमिनीचा भाव वाढला आणि त्याबरोबर सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाचाही भाव वाढला. हिंजवडी-माणच्या माळावर आयटी पार्क आले, पिरंगुट-उरवड्याच्या बाजूला कारखाने आले, मोसे खोऱ्यात दासव्याला लवासा उभे राहिले, डोंगरउतारांवर बंगल्यांचे प्लॉट पडले, आणि आता पुण्याचा पश्चिम रिंगरोड तालुक्यातून जायचा आहे. ज्या खाचरात पूर्वी चार पोती भात व्हायचा, त्याच्या खरेदीखतावर आता सगळ्या वारसांच्या सह्या लागतात: भाऊ, सासरी गेलेल्या बहिणी, मयत भावाची बायको, तिची मुले. सही करणारा प्रत्येक जण आपल्या सहीची किंमत जाणतो. पण काही घरांत या यादीतले एक नाव अशा माणसाचे असते, ज्याला सही म्हणजे काय हे उमगत नाही. बौद्धिक अक्षमता असलेला मोठा मुलगा, सेरेब्रल पाल्सीने अंथरुणाला खिळलेली बहीण, चाळिशीचा स्वमग्न धाकटा. या नावाचे घरोघर जे होते त्याच्या तीनच तऱ्हा आहेत. वारस नोंदीच्या वेळी ते सांगितलेच जात नाही. किंवा हक्कसोडपत्रावर त्याचा अंगठा घेतला जातो. किंवा वडील त्याच्या वाट्याची जमीन ‘याला सांभाळायचे’ असे बजावून दुसऱ्या मुलाच्या नावे करून टाकतात. पहिल्या दोन तऱ्हा उघडच चुकीच्या आहेत. तिसरी मायेपोटी घडते, आणि मला सर्वांत जास्त चिंता तिचीच वाटते.

कारण या तिसऱ्या तऱ्हेत दोन वेगळी कामे एकाच माणसाच्या पदरात पडतात. एक काम मालमत्ता राखण्याचे आणि दुसरे माणूस सांभाळण्याचे. सांभाळावर होणारा प्रत्येक खर्च, म्हणजे फिजिओथेरपीचे पैसे, फिट्सची औषधे, दिवसभराच्या बाईचा पगार, हा मग सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून गेल्यासारखा होतो. आणि तो माणूस जितका कमी जगेल तितके सांभाळणाऱ्याकडे जास्त उरते. असा विचार कोणा भावाच्या मनात येतो असे मी म्हणत नाही. बहुतेक भाऊ चांगले असतात. पण व्यवस्था अशी असावी की, चांगल्या माणसाला स्वतःच्याच हिताविरुद्ध रोज झगडावे लागू नये आणि वाईट माणसाला मोकळे रान मिळू नये. आईवडील हयात असतात तोवर हा प्रश्न उद्भवत नाही, कारण त्यांचे हित आणि त्या मुलाचे हित एकच असते. ते गेले की ही एकजूट सुटते, आणि नेमक्या त्याच वेळी विचारणारे कोणी उरत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की, अशा माणसाच्या भविष्याची तजवीज करताना तीन हात वेगळे ठेवावेत: पैसा राखणारा, माणूस सांभाळणारा आणि दोघांना हिशेब विचारणारा.

‘आहेत ना भाऊ’ हे उत्तर जुने आहे आणि त्यामागे एक जुना सौदा आहे. याज्ञवल्क्य स्मृतीत आणि तिच्यावरच्या मिताक्षरा टीकेत आंधळा, पांगळा, वेडा, मंदबुद्धी अशांना वडिलार्जित संपत्तीत वाटा नाही. पण त्यांना पोसण्याचे बंधन मात्र कुटुंबावर आहे. वाटा न घेता पोट भरून घ्यायचे, असा तो सौदा. तो अन्याय्य होता, तरी त्याला दुसरी बाजू होती. १९२८च्या कायद्याने ही अपात्रता बरीचशी काढली, पण जन्मतः वेडा किंवा मंदबुद्धी असलेल्याला बाहेरच ठेवले. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८व्या कलमाने तेही संपवले: रोग, दोष किंवा व्यंग या कारणाने कोणाचाही वारसा नाकारता येत नाही. म्हणजे आज कायद्याने अशा मुलाचा वाटा धडधाकट भावाइतकाच आहे, अशा मुलीचाही तितकाच. आपण मात्र हक्कसोड आणि तोंडी वाटणीच्या रूपाने तो जुना सौदा चालूच ठेवला, आणि त्याची दुसरी बाजू हातातून निसटू दिली. आज भावावर भावाला पोसण्याचे कायदेशीर बंधन नाही. निर्वाहाचे जे कलम पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत १२५वे होते आणि आता नागरिक सुरक्षा संहितेत १४४वे आहे, त्यात पत्नी, मुले आणि आईवडील येतात. शारीरिक वा मानसिक दोषामुळे स्वतःचे पोट भरू न शकणारे सज्ञान मूलही येते, पण त्याची मागणी आईबापाकडे. भावंडे त्यात नाहीत. वाटा गेला आणि बंधनही नाही, अशा ठिकाणी आपण त्या माणसाला आणून उभे केले आहे. स्मृतिकारांनीही त्याला इतके उघड्यावर सोडले नव्हते.

त्यात जमीन विकली जाणे ही आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. शेतीच्या घरात अशा माणसाला काही ना काही जागा असे. गुरांमागे जाणे, सरपण आणणे, लावणीच्या दिवसांत रोपांच्या मुठी वाहून नेणे. घरात माणसांचा राबता असे, कोणाचे ना कोणाचे लक्ष असे. जमिनीचे पैसे होतात, घर बंगल्यात जाते, भाऊ फ्लॅट घेऊन वाकड-बावधनला राहायला जातात, आणि तो माणूस एका खोलीत उरतो. जमीन दरवर्षी काहीतरी देत राहते. रक्कम एकदा वाटली की ज्याच्या खात्यावर गेली त्याची होते, आणि या माणसाच्या खात्यावर ती गेलेलीच नसते. एवढी जमीन जाऊन या माणसांसाठी काय उरले, हा प्रश्न तालुक्याने स्वतःला विचारायला हवा. मुळा नदीवरच्या टाटांच्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली जो सत्याग्रह झाला, त्यातही वादाचा मुद्दा हाच होता की, मोबदल्याची रक्कम जमिनीची जागा घेऊ शकते का.

आता कायदा काय देतो ते पाहू. मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडील त्याचे नैसर्गिक पालक राहत नाहीत, ही गोष्ट फार थोड्या घरांना ठाऊक असते. सातबाऱ्यावर अज्ञान मुलापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता म्हणून आईचे नाव लागते. पण पस्तिशीच्या मुलाच्या बाबतीत ते चालत नाही, मग त्याची समज पाच वर्षांच्या मुलाइतकी का असेना. बँकेत खाते उघडताना, विमा घेताना, वारस नोंद करताना तो सज्ञान धरला जातो. इथे १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा उपयोगी पडतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांतल्या सज्ञान व्यक्तीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. न्यायालयात जावे लागत नाही. त्याच कायद्याचे १६वे कलम माझ्या मते सर्वांत मोलाचे आहे: नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि पुढे दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत जमाखर्च समितीपुढे मांडायचा. पालक हयगय करत असेल किंवा मालमत्तेचा गैरवापर करत असेल, तर १७व्या कलमाखाली त्याला काढताही येते. हिशेब विचारणारा तिसरा हात कायद्याने अशा रीतीने आधीच दिलेला आहे. फक्त त्याला कोणीतरी जागे ठेवावे लागते. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजाराच्या माणसांना मात्र हा रस्ता बंद आहे. १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाने मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची सोय होती; २०१७च्या नव्या कायद्यात उपचारासाठी प्रतिनिधी नेमता येतो, मालमत्तेबद्दल तो कायदा गप्प आहे. ही कुटुंबे दिव्यांग हक्क कायद्याखाली मर्यादित पालकत्व मागतात किंवा थेट उच्च न्यायालयाकडे धाव घेतात. त्यांच्यासाठी पुढे सांगितलेली खासगी ट्रस्टची वाट अधिकच गरजेची आहे.

तीन हात वेगळे करायचे म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे? आईवडील हयात असताना जमिनीची वाटणी व्हावी, आणि त्या मुलाचा वाटा त्याच्या स्वतःच्या नावाने उताऱ्यावर चढावा. वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्राने फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो, हे ध्यानात ठेवावे. शेतजमीन ट्रस्टच्या नावे करायला गेल्यास कुळकायद्याचे ६३वे कलम आडवे येऊ शकते. म्हणून जमीन मुलाच्या नावावर आणि रोकड, ठेवी, विम्याची रक्कम, घर हे १८८२च्या भारतीय न्यास कायद्याखालच्या खासगी ट्रस्टमध्ये, अशी विभागणी बहुतेक घरांना सोयीची पडेल. हा ट्रस्ट मृत्युपत्रातूनही स्थापन करता येतो. विश्वस्त तीन असावेत: एक भाऊ, एक आईच्या माहेरचे कोणी, मामा किंवा मावशीचा मुलगा, आणि एक घराबाहेरचा, ज्याला या मालमत्तेतून कधीच काही मिळणार नाही. सांभाळणारा वेगळा, आणि त्याला दरमहा ठरलेली रक्कम मिळावी. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. भाऊ सांभाळतो असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात अंघोळ घालणारी, भरवणारी, रात्री उठणारी बहुतेक घरांत वहिनी असते. जमीन नवऱ्याच्या नावावर, कौतुक नवऱ्याचे, आणि कष्ट तिचे. ट्रस्टच्या दस्तात तिच्या खात्यावर थेट जमा होणारी रक्कम लिहावी; ती उपकार म्हणून देऊ नये, मेहनताना म्हणून द्यावी. आणि त्या माणसाच्या पश्चात उरेल त्याचे काय, हे कलम सर्वांत विचारपूर्वक लिहावे. उरलेले सगळे सांभाळणाऱ्याचे, असे लिहिले तर काटकसरीचे बक्षीस मृत्यूशी जोडले जाते. त्याऐवजी सांभाळाच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे ठरावीक हिस्सा सांभाळणाऱ्याच्या नावे जमा होत जावा. तो माणूस जितका जास्त जगेल, तितका सांभाळणाऱ्याचा हिस्सा वाढेल. मग जगणाऱ्याचे हित आणि जगवणाऱ्याचे हित पुन्हा एका दिशेला येतात, जसे ते आईवडिलांच्या हयातीत होते.

याला पहिला आक्षेप घरातूनच येईल: सख्ख्या भावावर हिशेबाची सक्ती म्हणजे अविश्वास, त्याने घर फुटेल. हा आक्षेप मी हलका मानत नाही. गावात दस्त करायला निघालेला बाप म्हणजे मुलांवर विश्वास नसलेला बाप, असे बोलले जाते आणि ते लागते. पण भाऊबंदकी बघा कशावरून पेटते. बहुतेक वेळा ‘कोणी काय ठरवले होते’ हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून ती पेटते. ज्या भावाने वीस वर्षे खरोखर सांभाळले, त्याच्यावरही बहिणींचा संशय राहतो, कारण त्याने किती खर्च केला हे कुठेच लिहिलेले नसते. हिशेब त्या भावाचेही रक्षण करतो. आणि भाऊ चांगला असला तरी तो अमर नाही; त्याच्या मागे त्याची मुले येतात, ज्यांनी त्या काकाला फक्त आजारीच पाहिलेले असते. भावावरचा विश्वास पुतण्याला वारशाने जात नाही. भावाला दिलेले कुलमुखत्यारपत्रही त्या पिढीच्या कामाचे नाही: ते देणाऱ्या बापाच्या मृत्यूबरोबर संपते, आणि ज्याला व्यवहार कळत नाही अशा माणसाकडून घेतलेले मुळातच टिकत नाही.

दुसरा आक्षेप असा की, ट्रस्ट ही श्रीमंतांची चैन आहे. इथे आधी आकडा मांडू. घरीच राहणाऱ्या माणसाचा औषध, आहार आणि मदतनीस मिळून महिन्याचा खर्च पंधरा हजार धरला आणि आईवडिलांमागे तो पस्तीस वर्षे जगेल असे मानले, तर आजच्या किमतीने ६३ लाख लागतात. महागाई ६ टक्के असेल तर खर्च साधारण बारा वर्षांत दुप्पट होतो. पंधरा हजारांचे चोवीस वर्षांनी साठ हजार होतात. ठेवीचे व्याज महागाईइतके राखले तरच ६३ लाखांचे गणित टिकते. हिंजवडीच्या बाजूला ज्याने गुंठ्यांवर जमीन विकली आहे, त्याला ही रक्कम बाजूला काढणे अशक्य नाही. ती बाजूला काढण्याचे ठरत नाही इतकेच. पण ताम्हिणीच्या बाजूला ज्याच्याकडे चार खाचरे आहेत, किंवा पिरंगुटच्या कारखान्यात जो कंत्राटी आहे, त्याचे काय? त्याच्यासाठीही वाटा आहेत, आणि त्या कमी खर्चाच्या आहेत. विवाहित पुरुषाने १८७४च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याच्या ६व्या कलमाखाली बायको-मुलांच्या नावे आयुर्विमा घेतला, तर ती पॉलिसी आपोआप ट्रस्ट ठरते. वकिलाची फी नाही, वेगळा दस्त नाही, आणि कर्जवसुलीवाल्यांना त्या पैशाला सहसा हात लावता येत नाही. कारखान्यातल्या कामगाराचा भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत पूर्णपणे आणि कायमच्या अक्षम मुलाला वयाची अट न ठेवता पेन्शन मिळते. शिक्षकाच्या, पोलिसाच्या, एसटीतल्या माणसाच्या नोकरीच्या कागदांत अशा अपत्याची नोंद हयातीतच झाली, तर मागाहूनची धावपळ वाचते. संजय गांधी निराधार योजनेतून दिव्यांगांना मिळणारी रक्कम २०२५ साली महिना २५०० रुपयांवर नेली गेली. तेवढ्यावर माणूस जगत नाही, पण औषधे येतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. पगारदार आईबापांना आयकराच्या जुन्या पद्धतीत ८०डीडी कलमाची सूट मिळते: ७५ हजार, आणि ८० टक्के किंवा त्याहून जास्त अक्षमता असेल तर सव्वा लाख. या कलमाखालच्या विमा योजनांत पूर्वी आईवडील गेल्यावरच मुलाला पैसे सुरू होत. ही अडचण ‘रवी अगरवाल’ खटल्यात २०१९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली, आणि २०२२ पासून आईवडील साठीत पोचल्यावरही पैसे घेता येतील अशी दुरुस्ती झाली. एका बापाच्या तक्रारीतून कायदा बदलला, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. अमेरिकेत असे ट्रस्ट करतात ते प्रामुख्याने सरकारी मदत बंद पडू नये म्हणून, कारण तिथल्या गरजूंच्या भत्त्याला नावावर दोन हजार डॉलरपेक्षा जास्त असून चालत नाही. आपले कारण ते नाही. आपल्याकडे प्रश्न आहे तो रक्ताच्या नात्यातला पैसा त्या माणसापर्यंत पोचण्याचा. म्हणून परदेशी नमुने जसेच्या तसे उचलून आपले भागणार नाही.

याच ओघात नॉमिनीचा गैरसमज दूर करायला हवा. खात्यावर, पॉलिसीवर, शेअर्सवर थोरल्याचे नाव नॉमिनी म्हणून लावले की काम झाले, असे अनेकांना वाटते. आणि नॉमिनी झालेल्यालाही ते पैसे आपले वाटू लागतात. ‘शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर’ या खटल्यात डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, शेअर्सचा नॉमिनी हा मालक नसतो, वारसांचे हक्क कायम राहतात. पण वारसांपैकी जो बोलूच शकत नाही, त्याच्या वतीने हे कोण सांगणार? नॉमिनेशन, मृत्युपत्र आणि ट्रस्ट एकमेकांशी जुळते असावेत. पुणे जिल्ह्यात मृत्युपत्राला प्रोबेटची सक्ती नाही. तरी नोंदणीकृत आणि दोन तटस्थ साक्षीदारांचे मृत्युपत्र फेरफाराच्या वेळी वाद बराच कमी करते.

तिसरा आक्षेप जमीन घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा आहे. असे नाव उताऱ्यावर राहिले की जमीन अडकते, कोणी विकत घेत नाही, आणि सगळ्या भावंडांचे नुकसान होते. हे खरे आहे, आणि म्हणूनच वाटणी आधी व्हावी असे मी म्हणतो. जमीन महसूल संहितेच्या ८५व्या कलमाखाली वाटप झाले, तर त्याचा वाटा वेगळा निघतो आणि इतरांचा मोकळा होतो. तुकडेबंदीमुळे लहान तुकडा वेगळा काढता येत नसेल, तर त्याच्या वाट्याच्या किमतीची रक्कम ट्रस्टमध्ये जमा झाल्यावरच बाकीचा व्यवहार व्हावा, आणि तोही त्याच्या रीतसर नेमलेल्या पालकामार्फत. नाव लपवून केलेला व्यवहार जास्त धोक्याचा असतो. नोंदणी कायद्याच्या ३५व्या कलमानुसार दस्त करून देणाऱ्याला समज नाही असे दिसले, तर दुय्यम निबंधकाने नोंदणी नाकारायची असते. १८७२च्या करार कायद्याप्रमाणे असा करार मुळातच ठरत नाही. आणि मुदतीच्या कायद्याच्या ६व्या कलमाने अशा माणसासाठी दाव्याची मुदत त्याची अक्षमता असेपर्यंत सुरूच होत नाही. ती मरेपर्यंत टिकली, तर त्याच्या वारसांना त्यानंतर मुदत मिळते. म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वीच्या हक्कसोडावर आजही दावा येऊ शकतो. जाहीर नोटीस देऊन आणि सर्च रिपोर्ट काढून कोट्यवधींची जमीन घेणाऱ्या विकसकाच्या वकिलाने घरातल्या त्या न दिसणाऱ्या माणसाची चौकशी करणे हे त्याच्याही हिताचे आहे.

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, आणि तो दिव्यांगांच्या चळवळीतून येतो. पालक, विश्वस्त, हिशेब विचारणारा, या सगळ्यांत तो माणूस स्वतः कुठे आहे? भारताने २००७ साली मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराचे १२वे कलम आणि आपल्या २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचे १३वे कलम दोन्ही सांगतात की, मालमत्ता बाळगण्याचा, वारसा घेण्याचा, स्वतःचे आर्थिक व्यवहार चालवण्याचा हक्क दिव्यांगांना इतरांइतकाच आहे. १४वे कलम पालकत्वही मर्यादित ठेवते: त्या माणसाशी बोलून, त्याच्यासोबत निर्णय घेण्यापुरते. ही टीका मला मान्य आहे, आणि तिच्यामुळे माझ्या म्हणण्याला कुंपण पडते. अंध, कर्णबधिर, पोलिओने पाय गेलेला अशा माणसाला पालक नकोच. त्याला त्याचा वाटा, त्याचे बँकखाते आणि त्याची सही द्यावी. आपल्याकडे सर्रास उलटे घडते. चालता न येणाऱ्या हुशार मुलीच्याही नावावर काही ठेवले जात नाही, कारण ‘ती काय करणार’. बौद्धिक अक्षमता असलेल्यांतही अनेकांना आपला आठवड्याचा खर्च, आवडीचे कपडे, कोणाजवळ राहायचे हे ठरवता येते. पालकत्व तिथेच मागावे जिथे त्याशिवाय काम अडते, आणि ट्रस्टच्या दस्तात त्याच्या स्वतःच्या हाती राहणारी रक्कम लिहावी. पण ज्याला काहीच सांगता येत नाही, त्याला केवळ स्वायत्ततेच्या तत्त्वावर सोडून देणे म्हणजे प्रत्यक्षात जवळच्या बलवानाच्या स्वाधीन करणे होय. त्याच्यासाठी तीन हातांची ही योजना हीच स्वातंत्र्याच्या जास्तीत जास्त जवळ जाणारी गोष्ट आहे.

काहींना वाटेल की संस्था हाच सोपा मार्ग आहे. याच तालुक्यात, कोळवणच्या खोऱ्यात, नव्वदच्या दशकापासून ‘साधना व्हिलेज’ प्रौढ बौद्धिक अक्षम व्यक्तींचे घर चालवते. आसपासच्या गावांशी मिळून-मिसळून जगायचे, असा तिचा विचार आहे. डोंबिवलीजवळ खोणीला ‘अमेय पालक संघटने’ने पालकांच्याच पुढाकाराने ‘घरकुल’ उभे केले. अशी ठिकाणे फार थोडी आहेत आणि जागा त्याहून थोड्या. शिवाय संस्था निवडली तरी तिचे महिन्याचे पैसे कुठूनतरी यावे लागतात, आणि बाहेरून कोणीतरी भेटायला येऊन ‘दात का दुखतो, वजन का उतरले’ असे विचारावे लागते. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये १९८९ साली पालकांनी ‘प्लॅन’ नावाची संस्था काढली ती याच जाणिवेतून, की पैशाइतकेच महत्त्व प्रत्येक माणसाभोवती मित्रांचे कायमचे वर्तुळ उभे करण्याला आहे.

हे सगळे एकेका घराने आपल्या बळावर करावे, अशी अपेक्षा मात्र चुकीची ठरेल. सिंगापूरने २००८ साली सरकारच्या पाठबळावर ‘स्पेशल नीड्स ट्रस्ट कंपनी’ सुरू केली. लहान रकमेच्या कुटुंबांचेही पैसे ती विश्वस्त म्हणून सांभाळते आणि शुल्काचा मोठा भार सरकार उचलते. आपल्याकडे १९१३च्या कायद्याने शासकीय विश्वस्त हे पद आहे, पण गावातल्या माणसाला त्याचा पत्ताही नसतो. ते पद पुणे जिल्ह्यात जागे करता येईल. त्याहून जवळचा मार्ग ग्रामपंचायतींचा आहे. स्वतःच्या उत्पन्नाचा पाच टक्के भाग त्यांनी दिव्यांगांसाठी खर्चायचा असतो, आणि हिंजवडी, माण, पिरंगुट, भूगाव यांसारख्या पंचायतींचे करउत्पन्न लहान नाही. आज तो निधी बहुतेक ठिकाणी वस्तुवाटपात जातो. त्यातला काही भाग एका कामासाठी राखावा: स्थानिक स्तर समितीचे शिबिर वर्षातून दोनदा पौडला व्हावे, पालकत्वाचे अर्ज तिथेच भरून घ्यावेत, आणि तालुक्यात ज्यांच्यासाठी पालक नेमला गेला आहे अशा प्रत्येकाच्या घरी वर्षातून एकदा पंचायतीने नेमलेल्या व्यक्तीने जाऊन त्या माणसाला भेटावे, मग जमाखर्च पाहावा. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाने दिव्यांगांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. तोच वकील या शिबिरात मृत्युपत्राचे आणि ट्रस्टचे मसुदे करून देऊ शकेल. आणि वारस नोंदीच्या वेळी ग्राम महसूल अधिकाऱ्याने ‘घरात सही न करू शकणारे कोणी आहे का’ हा एक प्रश्न विचारून त्याचे उत्तर फेरफारात लिहिले, तर निदान पहिली तऱ्हा, नावच न सांगण्याची, इथेच थांबवता येईल. याला नवा कायदा लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांचे एक परिपत्रक पुरेसे आहे.